नारायणराव राजहंस ऊर्फ बालगंधर्व

मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका काढायचे ठरले, तेव्हा प्रत्येकीने काही ना काही लिहून द्यावे असा अध्यक्षाबाईंचा आग्रह पडला. कोणी लोणची-पापड घेतले, कोणी बाळाचे आरोग्य घेतले. मी सातवी शिकलेली. लिहिणे म्हणजे किराण्याची यादी नाहीतर माहेरी पत्र, एवढीच माझी धाव. तेव्हा चुकलेमाकले भगिनींनी सांभाळून घ्यावे.

हा विषय माझ्या डोक्यात शिरला तो गेल्या वर्षीच्या कार्यक्रमापासून. आपण ‘एकच प्याला’ नाटकातला एक प्रवेश बसविला होता, हे आपल्या लक्षात असेलच. आपला गडचिरोली जिल्हा 1993 पासून दारूबंदीचा. तरी मोहाची दारू कोणकोणत्या वाडीच्या मागे निघते हे येथे बसलेल्या बायांना कोणी नव्याने सांगायला नको. म्हणून ते नाटक निवडले. पुरुषमाणसे घ्यायची नाहीत असे ठरल्यामुळे दारुडा सुधाकर व्हायची पाळी माझ्यावर आली. काजळाच्या मिशा काढल्या, यजमानांचा सदरा घातला आणि तालमीत चार पावले टाकली, तर सगळ्याजणी पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. पुरुषाचे चालणे मला महिनाभरात साधले नाही. खुर्चीवर बसले की हात आपोआप पदर सावरायला जाई, आणि पदर तर नव्हताच.

त्या रात्री मनात आले की, मला चार पावले जमली नाहीत. मग ज्या पुरुषाने याच नाटकातली सिंधू वर्षानुवर्षे उभी केली, त्याने बाईचे चालणे, बसणे, रडणे कोठून आणले असेल? शाळेतल्या बाईंनी वाचनालयातून दोन पुस्तके आणून दिली. दुपारचे काम आटोपल्यावर ती मी वाचून काढली. त्यातून मला जे उमगले ते लिहिते.

बालगंधर्वांचे खरे नाव नारायण श्रीपाद राजहंस. जन्म 26 जून 1888 रोजी झाला. घराणे सांगलीकडच्या नागठाण्याचे. घरची स्थिती साधारणच होती, पण मुलाच्या गळ्यात देवाने गोडवा घातला होता. लहानपणी जळगावला असताना मेहबूब खां नावाच्या गवयाकडे त्यांना गाण्याचे पहिले धडे मिळाले. दहाएक वर्षांचे असताना पुण्यास लोकमान्य टिळकांपुढे त्यांचे गाणे झाले. टिळकांनी कौतुकाने मुलाला बालगंधर्व म्हटले आणि तेच नाव जन्मभर राहिले. पुढे पन्नाशी-साठी उलटली तरी ते बालच राहिले!

त्यांचा कान बिघडलेला होता, ऐकू कमी येई. गाणाऱ्या मुलाला याहून मोठे संकट कोणते? कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी त्यांना मिरजेच्या इस्पितळात पाठवून उपचार करविले. त्या वेळी किर्लोस्कर नाटक मंडळीचे दिवस वाईट होते. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 साली ‘शाकुंतल’ करून संगीत नाटकाची मुहूर्तमेढ रोवली होती; परंतु कंपनीचा गाणारा हिरा, भाऊराव कोल्हटकर, 1901 साली निवर्तला आणि गादी रिकामी पडली. 1905 साली नारायणराव त्या कंपनीत दाखल झाले आणि शकुंतला होऊन लोकांपुढे उभे राहिले. तेव्हा ते सतरा वर्षांचे होते. गाण्याची खरी तालीम त्यांना भास्करबुवा बखले यांच्याकडून मिळाली, आणि बुवांचे नाव ते शेवटपर्यंत गुरू म्हणून घेत.

तो काळ कसा होता हे तरुण मुलींना सांगायला हवे. नाटकात काम करणे हे घरंदाज बाईचे काम नव्हे, अशीच सर्वांची समजूत होती. म्हणून बाईचे काम पुरुष करी. आपल्या झाडीपट्टीत तरी काय निराळे होते? माझे माहेर आरमोरीकडचे. धानाची कापणी-चुरणी आटोपली की मंडई भरायची, शंकरपट व्हायचे आणि रात्री दंडार नाहीतर नाटक. माझे आजोबा दंडारीत सीता व्हायचे. मिशी काढलेले आजोबा मी पाहिले नाहीत, पण आजीचे एक गाऱ्हाणे मी लहानपणी पुष्कळदा ऐकले. तिचे एकुलते एक चांगले लुगडे आजोबा सीतेसाठी घेऊन जात, आणि ते परत येई तेव्हा काठाला मुरदाडशिंगाचे डाग पडलेले असत. सीता रात्रभर टाळ्या घेई आणि सकाळी आजी नदीवर डाग धूत बसे. आता वडसा येथे नाटक मंडळ्यांचा मोठा व्यवसाय चालतो, बायाही कामे करतात, आणि आपल्या जिल्ह्यातील परशुराम खुणे यांना 2023 साली त्या कलेसाठी पद्मश्री मिळाली. आजी असती तर म्हणाली असती की, लुगड्यांनाही काहीतरी द्या.

मूळ गोष्टीकडे वळते. नारायणरावांनी लवकरच सारा महाराष्ट्र वेडा केला. त्यांच्या आधीचे नटही बाईचे काम करीत, पण बालगंधर्वांना पाहून लोक पुरुष आहे हे विसरत. चांगल्या घरातल्या बायका कशा वावरतात, पदर कसा घेतात, वडील माणूस आले की कशा उठतात, हे ते बारकाईने पाहून ठेवीत. परिणाम असा उलटा झाला की, पुण्या-मुंबईच्या बायका त्यांच्याकडे पाहून नेसू लागल्या. त्यांच्यासारखा अंबाडा, त्यांच्यासारखा गजरा, त्यांच्यासारखी नथ. पुरुषांनी त्यांची टोपी उचलली. स्त्रीने सुंदर दिसावे कसे हे स्त्रियांना एका पुरुषाने शिकवावे, ह्याचे मला पहिल्यांदा हसू आले. नंतर थोडे वाईटही वाटले. आम्हांला आरशात पाहायची चोरी होती, म्हणून तर त्यांच्याकडे पाहावे लागले.

आता ती 1911 सालची गोष्ट. हा लेख मी लिहायला घेतला तो हिच्यासाठीच.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘मानापमान’ हे नाटक किर्लोस्कर मंडळीने बसविले होते. चाली गोविंदराव टेंबे यांच्या. श्रीमंत बापाची लेक भामिनी गरीब धैर्यधराचा अपमान करते, मग वेष पालटून त्याच्या छावणीत जाते आणि त्याचे गुण पाहून त्याला वरते, अशी गोष्ट. मुंबईस 12 मार्च 1911 रोजी पहिला प्रयोग होता. भामिनीचे काम नारायणरावांचे. आणि त्याच दिवशी त्यांची तान्ही मुलगी वारली. खेळ पुढे ढकलावा असा विचार निघाला, पण त्यांनी ऐकले नाही. लोक आले आहेत, त्यांचा विरस करायचा नाही, म्हणून ते तोंडाला रंग लावून उभे राहिले, हसले, लाजले, गायले. नाटक असे रंगले की त्याचे नाव आजपर्यंत निघते.

दोन्ही पुस्तकांत ही गोष्ट मोठ्या अभिमानाने दिली आहे. कर्तव्य असे असावे, कलावंत असा असावा, वगैरे. मी ते पान वाचले आणि पुस्तक उपडे ठेवून बसले. माझ्या मनात एकच आले, की त्या वेळी लक्ष्मीबाई काय करीत होत्या? लक्ष्मीबाई म्हणजे नारायणरावांची पत्नी. त्या मुलीची आई. नाटकगृहात टाळ्या पडत होत्या तेव्हा त्या बाईच्या मांडीवर काय होते आणि कोण तिच्यापाशी बसले होते, यावर पुस्तकात एक ओळ नाही. बापाचे दुःख लोकांनी शंभर वर्षे सांगितले. आईचे कोणी विचारले नाही.

मी नारायणरावांना दोष देत नाही. एका खेळावर कंपनीतल्या किती घरांची चूल पेटे, हे मला समजते. घरात माणूस गेले तरी दुकान उघडावे लागते, दवाखान्यात जावे लागते, असे प्रसंग आपल्यापैकी कितीतरी जणींनी पाहिले आहेत. आणि त्या रात्री भामिनीच्या वेषातला बाप आत जाऊन रडला नसेल असे कोण म्हणेल? एवढेच की, जो पुरुष बाईचे मन साऱ्या महाराष्ट्राला उलगडून दाखवीत होता, त्याच्या घरच्या बाईचे मन कोणी उलगडले नाही. हे माझ्या मनातून जात नाही.

1913 साली गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासह त्यांनी किर्लोस्कर मंडळी सोडली आणि स्वतःची गंधर्व नाटक मंडळी काढली. 1916 साली खाडिलकरांचे ‘स्वयंवर’ आले. त्याला चाली खुद्द भास्करबुवांच्या होत्या, आणि रुक्मिणी बालगंधर्वांची. ज्यांनी ती पाहिली ते म्हातारपणीही तिच्याविषयी बोलताना थांबत नसत म्हणे. मोबाइलवर त्यांच्या जुन्या तबकड्यांची गाणी मिळतात. मी ऐकली. खरखर फार आहे, पण आवाज सुरू झाला की खरखर ऐकू येत नाही. तो बायकी आवाज नाही. बाईची नक्कल केल्यासारखे कोठेच वाटत नाही. आपलाच आवाज, पण त्यात लाज, रुसवा, हट्ट सगळे उतरते.

मग ‘एकच प्याला’. राम गणेश गडकऱ्यांनी हे नाटक लिहिले, पण ते रंगभूमीवर आलेले पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. गडकरी आपल्या विदर्भातच, नागपूरजवळ सावनेरला, 23 जानेवारी 1919 रोजी वारले. वय अवघे तेहतीस. नाटकातली पदे विठ्ठल सीताराम गुर्जरांनी लिहिली, आणि पुढच्याच महिन्यात बडोद्यास पहिला प्रयोग झाला. सुधाकर बोडसांचा, सिंधू बालगंधर्वांची. जी रुक्मिणी शालू-दागिन्यांनी मढलेली लोकांनी पाहिली होती, ती येथे फाटक्या लुगड्यात जात्यावर दळायला बसली. लोक ढसढसा रडले.

आपल्या कार्यक्रमातही रडल्या की. मागच्या ओळीत बसलेली एक बाई प्रवेश संपायच्या आत उठून गेली. नाव सांगत नाही. दुसऱ्या दिवशी ती मला विहिरीवर भेटली आणि म्हणाली की, त्या सिंधूला माहेरी का नाही पाठविले? मला उत्तर देता आले नाही. गडकऱ्यांनी सिंधूला पतिव्रता केली. नवरा मारतो तरी ती त्याच्यासाठीच मरते, आणि लोकांच्या डोळ्यांतून पाणी काढण्यासाठी बालगंधर्वांहून चांगला माणूस तिला मिळाला नसता. परंतु पुरुषाने लिहिलेली आणि पुरुषाने केलेली ती बाई आहे, हे मी सुधाकर झाल्यावर माझ्या ध्यानात आले. आपल्यातल्या एखादीने लिहिली असती तर सिंधूने पहिल्या अंकातच बाटली फोडली असती आणि चार बाया गोळा करून गुत्त्यावर गेली असती. आपल्या जिल्ह्यातल्या बाया गेल्याच की.

1921 हे साल मोठे चमत्कारिक. लोकमान्यांच्या पश्चात टिळक स्वराज्य फंड गोळा होत होता. त्यासाठी 8 जुलै 1921 रोजी मुंबईस ‘संयुक्त मानापमान’ झाला. ललितकलादर्शचे केशवराव भोसले धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे दोन राजे एका रंगमंचावर! ज्या टिळकांनी बालपणी नाव दिले त्यांच्याच नावाच्या फंडासाठी हा खेळ व्हावा, हे नारायणरावांना किती गोड वाटले असेल. केशवराव त्यानंतर तीन महिन्यांत, 4 ऑक्टोबरला, वारले. तेही तरुणच.

याच सुमारास गंधर्व मंडळी कर्जात बुडाल्याचे उघडकीस आले. आकडा लाखावर होता, आणि तेव्हाचा लाख म्हणजे आजचे किती ते हिशेबी माणसाने सांगावे. नारायणरावांना पैसा कळतच नसे. खरा भरजरी शालू हवा, खरे अत्तर हवे, गालिचे हवेत, साथीला तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष हवेत. पाहुण्यांच्या पंगती उठत. चाहत्यांनी वर्गणी काढून कर्ज फेडू असे सुचविले, तेव्हा त्यांनी नकार दिला आणि खेळ करून करून कर्ज फेडले. हा त्यांचा गुण मला फार आवडला. मात्र दहा रुपयांतले चार वेळेवर झाकून ठेवणारी घरची बाई हिशेबाला बसविली असती तर कर्ज झालेच नसते, असेही वाटल्यावाचून राहिले नाही. प्रेक्षकांना ते अन्नदाते मानीत आणि समोर येईल त्याला देवा म्हणून हाक मारीत. अशा माणसाला फसविणे सोपे असते.

पुढे बोलपट आले. 1933 साली ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकात ज्योत्स्नाबाई भोळे आणि पद्माबाई वर्तक यांनी कामे केली आणि बाईचे काम बाईने करण्याची वाट मोकळी झाली. मला हे वाचून आनंद झाला. पण नारायणरावांच्या पायाखालची वाळू त्याच वाटेने सरकली, हेही खरे. 1935 साली प्रभातच्या ‘धर्मात्मा’ बोलपटात ते संत एकनाथ झाले. लोकांना रुक्मिणी हवी होती, दाढीमिशीतले नारायणराव रुचले नाहीत. त्यांनाही कॅमेऱ्यापुढे तुकड्यातुकड्याने काम करणे मानवले नाही. ते परत नाटकाकडे आले.

तेव्हा त्यांच्या कंपनीत गोहरबाई कर्नाटकी आल्या. विजापूरकडच्या, गायिका अमीरबाई कर्नाटकी यांच्या बहीण. बालगंधर्वांच्या तबकड्या ऐकून ऐकून त्यांनी ते गाणे गळ्यात उतरविले होते. त्या नायिका होऊ लागल्या आणि नारायणराव त्यांच्यासमोर पुरुषाच्या कामात उभे राहू लागले. लक्ष्मीबाई 1940 साली गेल्या. गोहरबाईंशी त्यांनी 1951 साली लग्न केले. या बाईविषयी लोकांनी पुष्कळ वाईट लिहिले. मुसलमान, त्यातून गाणारी, मग काय विचारता! घर मोडले, देवमाणूस नादी लावला, असे सगळे. लक्ष्मीबाईंच्या जिवाला काय यातना झाल्या असतील त्या मी नाकारीत नाही. माझे मन पहिल्यापासून त्यांच्याकडे आहे. परंतु नारायणरावांचे पाय गेले, फिरणे बंद झाले, पैसा आटला, शालू-पैठण्या गेल्या, तेव्हा टाळ्या वाजविणारे हजारो लोक कोठे होते? त्या दिवसांतही गोहरबाई त्यांच्याजवळच होत्या. पांगळ्या माणसाचे करणे काय असते हे जिने केले आहे तिलाच ठाऊक. मी माझ्या सासऱ्यांचे तीन वर्षे केले आहे. म्हणून गोहरबाईंना नावे ठेवायला माझी जीभ उचलत नाही. त्या 1964 साली वारल्या.

त्याच वर्षी सरकारने नारायणरावांना पद्मभूषण दिले. त्याआधी 1955 साली संगीत नाटक अकादमीचा मान मिळाला होता. पुण्यास त्यांच्या नावाचे रंगमंदिर बांधायचे ठरले, तेव्हा 1962 साली भूमिपूजन त्यांच्याच हातून झाले. इमारत उभी राहून 26 जून 1968 रोजी, त्यांच्या वाढदिवसाला, उघडली. पण ते 15 जुलै 1967 रोजीच गेले होते. 2011 साली त्यांच्यावर चित्रपट निघाला, सुबोध भावे यांनी काम केले. ज्यांना पुस्तक वाचायला वेळ नाही त्यांनी तो पाहावा.

परवा रात्री मी पोळ्या लाटता लाटता मोबाइलवर त्यांचे गाणे लावून ठेवले होते. सासूबाई ओसरीवर पडल्या होत्या. त्यांना मराठीपेक्षा तेलुगू जवळची, नाटकाचा आणि त्यांचा संबंध नाही. थोड्या वेळाने त्यांनी आतल्या बाजूला मान वळवून विचारले की, ही कोण बाई गाते, हिला काय दुःख आहे. मी म्हटले, बाई नव्हे, पुरुष आहे. त्यांना ते पटले नाही. पोळी तव्यावर टाकून मी त्यांना फोटो दाखवायला गेले, तर फोटो पाहून त्या म्हणाल्या की, ही तर बाईच आहे, आणि नथ चांगली आहे. तेवढ्यात पोळी करपली.

यंदाच्या कार्यक्रमात सुधाकराचे काम पुन्हा माझ्याकडेच आहे. कोणाकडे जुना काळा कोट असेल तर शनिवारच्या आत आणून द्यावा. डाग न पडता परत करीन.